बेल कंपनीने काय सोडले, काय राखले

टेलिफोनचा शोध शिकवताना आपण १८७६ सालापाशी थांबतो. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात अलेक्झांडर ग्रॅहम बेलने शेजारच्या खोलीतल्या वॉटसनला तारेवरून हाक मारली, हे पाठ्यपुस्तकात असते आणि मुलांना ते आवडतेही. त्यानंतर टेलिफोन एकदम मुलांच्या खिशातच येतो. मधल्या काळात हे यंत्र कोणाच्या मालकीचे होते, त्या मालकीला कोणी विरोध केला आणि मालकांनी त्या विरोधाला काय उत्तर दिले, हा भाग विज्ञानाच्या पुस्तकात बसत नाही आणि इतिहासाच्या पुस्तकात कोणी घालत नाही. पण ट्रान्झिस्टर इतक्या झपाट्याने जगभर का पसरला, युनिक्स ही संगणकप्रणाली विद्यापीठांतून का वाढली, या निव्वळ तांत्रिक वाटणाऱ्या प्रश्नांची उत्तरे याच भागात सापडतात.

विषय आज काढण्याला आणखीही एक कारण आहे. मोठ्या तंत्रज्ञान कंपन्या बहुतेक देशांत राजकारण्यांच्या रोषाचा विषय झाल्या आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने गूगलने शोधयंत्रांच्या क्षेत्रातली मक्तेदारी बेकायदेशीर मार्गांनी टिकवल्याचा निर्णय दिला. अशा हल्ल्याला कंपनीने तोंड कसे द्यावे? कोर्टात भांडावे, वर्तमानपत्रांत जाहिराती द्याव्यात, पुढाऱ्यांशी संधान बांधावे, की हातातले काही सोडून द्यावे? बेलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीने सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत हे चारही मार्ग चोखाळून पाहिले. तिची गोष्ट म्हणजे जवळजवळ एक दीर्घ प्रयोगच आहे. फक्त प्रयोगशाळेसारखी बाकीची परिस्थिती स्थिर ठेवण्याची सोय इथे नाही, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

एका टेबलावर दोन टेलिफोन

बेलची मूळ पेटंटे १८९३ आणि १८९४ साली संपली. तोवर अमेरिकेत टेलिफोन ही या कंपनीची जहागीर होती. दर चढे, आणि लक्ष मोठ्या शहरांकडे. पेटंटे संपताच हजारो छोट्या कंपन्या उगवल्या. ज्या खेड्यांकडे बेल कंपनीने ढुंकूनही पाहिले नव्हते तिथे शेतकऱ्यांनी वर्गणी काढून टेलिफोन आणला. काही ठिकाणी तर कुंपणाची काटेरी तारच टेलिफोनची तार म्हणून वापरली. १९०७ सालापर्यंत देशातले जवळजवळ निम्मे टेलिफोन या स्वतंत्र कंपन्यांचे होते.

स्पर्धेमुळे दर उतरले, पण गिऱ्हाइकाची एक पंचाईत झाली. एका कंपनीच्या टेलिफोनवरून दुसऱ्या कंपनीच्या टेलिफोनशी बोलता येत नसे. गावात दोन कंपन्या असतील तर दुकानदाराला टेबलावर दोन टेलिफोन ठेवावे लागत आणि दोन बिले भरावी लागत. बेल कंपनी आपल्या तारा इतरांना जोडून द्यायला नकार देई, आणि एवढे करूनही कोणी टिकलाच तर त्याला विकत घेई.

कंपनीच्या हातातले हुकमाचे पान म्हणजे लांब पल्ल्याच्या तारा. हे पान इतके भारी का होते, ते समजायला थोडे पदार्थविज्ञान पाहावे लागेल. तारेतून जाणारा बोलण्याचा विद्युतसंदेश ठरावीक अंतरात ठरावीक पटीने क्षीण होतो. समजा शंभर मैलांत त्याची शक्ती निम्मी झाली. तर दोनशे मैलांवर ती पाव उरेल आणि हजार मैलांवर १०२४ वा भाग. (आकडा समजुतीसाठी घेतला आहे, नियम मात्र खरा आहे. भूमिती श्रेणी शिकवताना हे उदाहरण वर्गात घेण्यासारखे आहे.) मोठ्याने ओरडून या श्रेणीवर मात करता येत नाही. जाड तांब्याची तार घालणे हा उपाय खर्चाचा. १९०० च्या सुमारास मायकेल प्युपिन आणि बेल कंपनीतला जॉर्ज कॅम्बेल यांनी दाखवले, की तारेत ठरावीक अंतरांवर वेटोळी बसवली तर हा ऱ्हास पुष्कळ मंदावतो. पण वेटोळे ऱ्हास मंदावते, गेलेली शक्ती परत देत नाही. १९११ साली न्यूयॉर्कहून निघालेली तार डेन्व्हरपर्यंत पोचली आणि ही पद्धत तिथे थकली. पुढे जायचे तर वाटेत संदेशाची शक्ती वाढवणारा प्रवर्धक हवा होता. तो ली डी फॉरेस्टच्या तीन ध्रुवांच्या नळीत दडलेला होता, पण नळी नेमकी कशी चालते हे खुद्द डी फॉरेस्टलाही नीट उमगलेले नव्हते. बेल कंपनीने १९१३ साली टेलिफोनसाठी तिचे हक्क घेतले. तिच्यातली हवा आणखी काढून टाकली पाहिजे हे कंपनीतल्या हॅरल्ड आर्नल्ड या पदार्थवैज्ञानिकाने ओळखले आणि ती भरवशाची केली. २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्कमध्ये बसलेला बेल सॅन फ्रान्सिस्कोतल्या वॉटसनशी बोलला. त्या मार्गावर १,३०,००० खांब आणि सुमारे २,५०० टन तांबे खर्ची पडले होते.

गावातल्या वर्गणीच्या कंपनीला हे कुठून जमणार? तिचा ग्राहक फार तर तालुक्याच्या गावापर्यंत बोलू शके. लांबच्या तारेला जोडून मिळणे ही छोट्या कंपन्यांच्या दृष्टीने जगण्यामरण्याची गोष्ट होती. हीच मागणी घेऊन त्या वॉशिंग्टनला गेल्या.

किंग्जबरीचे पत्र

१९०७ साली थिओडोर व्हेल कंपनीचा अध्यक्ष झाला. हा गृहस्थ पूर्वी सरकारच्या रेल्वे टपालसेवेचा प्रमुख होता, त्यामुळे सरकार आतून कसे चालते हे त्याला ठाऊक होते. ‘एक धोरण, एक यंत्रणा, सर्वांना सेवा’ ही घोषणा त्याने जाहिरातींतून देशभर नेली. पण त्याचे वेगळेपण जाहिरातींत नव्हते. त्या काळचे इतर उद्योगपती सरकारी नियंत्रणाच्या नावाने बोटे मोडत असताना व्हेलने कंपनीच्या वार्षिक अहवालांत मांडले, की टेलिफोनची एकच यंत्रणा असणे सर्वांच्या सोयीचे आहे, आणि ती एकच असेल तर तिच्यावर सरकारी देखरेख असणे रास्त आहे. भागधारकांना हे वाचून काय वाटले असेल कोण जाणे.

राजकीय वारे तेव्हा जोराने कंपनीच्या विरोधात वाहत होते. १९०९ साली बेल कंपनीने वेस्टर्न युनियन या बलाढ्य तारसंदेश कंपनीचा ताबा घेतला होता; म्हणजे बोलणे आणि तार दोन्ही एकाच मुठीत. १९१० साली काँग्रेसने टेलिफोन कंपन्यांना आंतरराज्य व्यापार आयोगाच्या अखत्यारीत आणले. १ जानेवारी १९१२ रोजी ब्रिटनच्या टपाल खात्याने तिथली मुख्य खाजगी टेलिफोन कंपनी आपल्यात सामावून घेतली. (मुंबईत १८८२ साली एका खाजगी कंपनीने टेलिफोन एक्स्चेंज सुरू केले होते, ते सरकारच्या ताब्यात यायला मात्र १९४३ साल उजाडावे लागले.) अमेरिकेचे पोस्टमास्टर जनरल अल्बर्ट बर्लसन ब्रिटनचा कित्ता गिरवावा म्हणून उघड बोलू लागले होते. त्यातच १९१३ साली सरकारने ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंड इथे कंपनीवर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला. दोनच वर्षांपूर्वी याच कायद्याने रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलचे तुकडे झाले होते.

१९ डिसेंबर १९१३ रोजी कंपनीचे उपाध्यक्ष नॅथन किंग्जबरी यांनी ॲटर्नी जनरलना, म्हणजे सरकारच्या सर्वोच्च कायदा अधिकाऱ्यांना, एक पत्र लिहिले. त्यात कंपनीने तीन वचने दिली. वेस्टर्न युनियनचे भाग विकून टाकू. आयोगाच्या मंजुरीवाचून प्रतिस्पर्धी कंपन्या विकत घेणार नाही. आणि स्वतंत्र कंपन्यांच्या ग्राहकांना आमच्या लांब पल्ल्याच्या तारा वापरू देऊ. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी या पत्राचे जाहीर कौतुक केले.

हे पत्र बारकाईने वाचण्यासारखे आहे. स्वतंत्र कंपन्या जी गोष्ट मागत होत्या नेमकी तीच दिली आहे. तिची जागा घेणारी दुसरी कुठली सवलत, देणगी किंवा आश्वासन पुढे केलेले नाही. दिलेले वचन तपासता येण्याजोगे आहे. तार जोडली की नाही हे कोणीही पाहू शकतो. पण ते बेताचेही आहे. जोडणी ५० मैलांहून लांबच्या संभाषणांपुरती, आणि वर जादा आकार. एकाच शहरातल्या दोन प्रतिस्पर्धी यंत्रणा एकमेकींना जोडण्याचे वचन त्यात नाही, त्यामुळे दुकानदाराच्या टेबलावरचा दुसरा टेलिफोन लगेच हटला नाही. शिवाय लांबचे बोलणे जोडून मिळाल्यावर स्वतंत्र कंपन्यांना स्वतःची पर्यायी लांबची तार उभारण्याची गरजच राहिली नाही. कंपनीने ताब्याचा एक भाग सोडला आणि केंद्रस्थान कायम राखले. काही इतिहासकार याला लबाडी म्हणतात. मला ते हुशारीचे, पण दोन्ही बाजूंना काही देणारे उत्तर वाटते. खेड्यातला शेतकरी शिकागोशी बोलू लागला, ही गोष्ट काही लुटुपुटीची नव्हती.

राष्ट्रीयीकरणाची भीती याने संपली नाही. महायुद्धाच्या काळात, १ ऑगस्ट १९१८ पासून, सरकारने तारा ताब्यात घेतल्याच आणि बर्लसन त्यांचे प्रमुख झाले. कंपनीने विरोध न करता सहकार्य केले. सरकारी अमदानीत दर वाढले, लोक चिडले आणि वर्षभरातच तारा परत कंपनीकडे आल्या. पुढे कित्येक वर्षे राष्ट्रीयीकरणाचे नाव कोणी फारसे काढले नाही.

ट्रान्झिस्टर आणि खटला

पुढचा हल्ला वेगळ्या जागी झाला. १९३४ साली स्थापन झालेल्या संघीय दळणवळण आयोगाने कंपनीची प्रदीर्घ चौकशी केली आणि तिच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक या कारखान्यावर बोट ठेवले. बेलच्या स्थानिक कंपन्या सगळी यंत्रसामग्री याच घरच्या कारखान्यातून घेत. कारखान्याने किंमत वाढवली की ती टेलिफोनच्या दरात चढे. बाहेरचा पुरवठादारच नसल्याने ती किंमत रास्त आहे की नाही हे ताडून पाहणार कशाशी? जानेवारी १९४९ मध्ये सरकारने खटला भरला आणि वेस्टर्न इलेक्ट्रिक बेलपासून तोडून टाकण्याची मागणी केली.

याच्या वर्षभरच आधी, डिसेंबर १९४७ मध्ये, कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला होता. ३० जून १९४८ रोजी तो जगाला जाहीर झाला. अशी वस्तू हाती असलेली कंपनी एरवी काय करील? पेटंटांच्या भिंती उभारून आत बसेल. बेल कंपनीने एप्रिल १९५२ मध्ये देशोदेशींच्या सुमारे चाळीस कंपन्यांना बोलावून ट्रान्झिस्टर कसा बनवायचा याची शिकवणी घेतली. रॉयल्टीपोटी २५,००० डॉलर आगाऊ भरायचे आणि माहिती न्यायची. श्रवणयंत्रे बनवणाऱ्यांना रॉयल्टी माफ. बेल स्वतः बहिऱ्या मुलांचा शिक्षक होता, त्याच्या स्मरणार्थ. या वर्गाच्या टिपणांचे ग्रंथ झाले, त्यांना उद्योगात गमतीने ‘बेलमातेचे पाकपुस्तक’ म्हणत. आलेल्यांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स होती. टोकियोतली एक छोटी कंपनी थोडी मागाहून परवाना घेऊन गेली. ती पुढे सोनी झाली. आपल्याकडे एके काळी ‘ट्रान्झिस्टर’ म्हणजे रेडिओच असे, त्याचे मूळ या परवान्यांत आहे.

हे औदार्य होते का? काही अंशी होते. बेल प्रयोगशाळेतल्या वैज्ञानिकांना शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सवय होती. काही अंशी व्यवहार होता, कारण इतरांच्या सुधारणा कंपनीला हव्याच होत्या. आणि काही अंशी डोक्यावर टांगलेला खटला होता. मक्तेदारीचा आरोप असलेल्या कंपनीने शतकातला सर्वांत मोठा शोध कुलपात ठेवला असता तर न्यायालयात काय तोंड दाखवले असते?

त्याच वेळी पडद्याआडही हालचाली चालू होत्या, आणि तो भाग मुळीच स्पृहणीय नाही. आयझेनहॉवर सरकार आल्यावर संरक्षण खात्याने ॲटर्नी जनरलना लिहिले, की बेलचे तुकडे झाल्यास देशाच्या संरक्षणाला धोका पोचेल. कंपनी तेव्हा नाइके क्षेपणास्त्रांचे काम करत होती आणि अण्वस्त्रांची सँडिया प्रयोगशाळा चालवत होती, तेव्हा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. परंतु या पत्राचा मसुदा मुळात कंपनीच्याच लोकांनी तयार केला होता, हे पुढे काँग्रेसच्या समितीपुढे आले. जून १९५३ मध्ये ॲटर्नी जनरल ब्राउनेल यांनी एका आरोग्यस्थळी कंपनीच्या वकिलाला खाजगीत सुचवले, की फारशी इजा न होता सोडता येतील अशा काही गोष्टी तुम्हीच शोधून काढा.

२४ जानेवारी १९५६ रोजी उभयपक्षी संमतीचा हुकूमनामा झाला. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीकडेच राहिली. बदल्यात तोवरची सगळी पेटंटे, सुमारे आठ हजार, अमेरिकेतल्या कोणालाही जवळजवळ विनामूल्य खुली करायची. आणि कंपनीने टेलिफोनच्या नियंत्रित धंद्यापलीकडे जायचे नाही, म्हणजे संगणक बनवून विकायचे नाहीत. तेव्हा अनेकांना वाटले, की सरकारने खटला कवडीमोलाने विकला. खुद्द काँग्रेसच्या समितीनेही तसे ताशेरे ओढले.

अलीकडे काही अर्थशास्त्रज्ञांनी या पेटंटांच्या पाऊलखुणा पुढच्या पेटंटांत शोधल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष मोठा बोलका आहे. पेटंटे खुली झाल्यावर त्यांच्या आधारे नवे शोध वाढले. विशेषतः तरुण आणि लहान कंपन्यांकडून. मात्र ही वाढ टेलिफोनबाहेरच्या क्षेत्रांत दिसते. टेलिफोनच्या यंत्रसामग्रीत ती दिसत नाही, कारण तिथे पेटंट फुकट असले तरी गिऱ्हाईक एकच होते, आणि ते घरच्या कारखान्याकडेच माल घेत होते. पेटंट खुले होते, बाजार बंद होता.

प्लास्टिकची वाटी

बेल कंपनीचा टेलिफोन घरी असला तरी घरमालकाचा नसे, तो भाड्याचा. त्याला बाहेरची कोणतीही वस्तू जोडायला नियमाने बंदी होती. ‘हश-अ-फोन’ नावाची एक साधी वाटीसारखी वस्तू होती. ती टेलिफोनच्या बोलायच्या तोंडाशी बसवली की शेजारी बसलेल्याला बोलणे ऐकू येत नसे. त्यात वीज नाही, तार नाही. कंपनीने तीही वापरू नका म्हणून ग्राहकांना बजावले. प्रकरण १९४८ साली दळणवळण आयोगापुढे गेले. कंपनीचा युक्तिवाद असा, की वाटीमुळे आवाज बिघडतो आणि त्यामुळे पलीकडच्या ग्राहकाची, पर्यायाने साऱ्या यंत्रणेची सेवा बिघडते. आयोगाने कित्येक वर्षे घेऊन कंपनीच्या बाजूने कौल दिला. १९५६ साली अपील न्यायालयाने तो फिरवला: हाताची ओंजळ तोंडापुढे धरूनही माणूस हेच करतो, मग वाटीला बंदी का?

वाटीच्या बाजूने साक्ष द्यायला उभे राहिलेल्यांत लिओ बेरानेक हा ध्वनिशास्त्रज्ञ होता. पुढे त्याने भागीदारीत काढलेल्या कंपनीने १९६९ साली अर्पानेटची, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाची, जोडयंत्रे बनवली. योगायोग म्हणून सोडून द्यावे असे मला वाटत नाही, पण असो.

१९६८ साली दुसरे प्रकरण निकाली निघाले. टेक्सासच्या टॉम कार्टरने शेतांवर आणि तेलविहिरींवर काम करणाऱ्यांचा रेडिओ टेलिफोनला जोडून देणारे उपकरण केले होते. तेव्हा मात्र आयोगानेच सांगितले, की यंत्रणेला अपाय न करणारे कोणतेही उपकरण जोडता आले पाहिजे. पुढे घरोघर फॅक्स आणि मोडेम जोडले गेले ते या निर्णयाच्या आधारे.

यात कंपनीच्या अभियंत्यांचे म्हणणे अगदीच खोटे होते असे नाही. सदोष उपकरणातून तारेवर जादा व्होल्टता चढली तर खांबावर काम करणाऱ्या माणसाचा जीव जाऊ शकतो. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने १९७० साली हा धोका मान्यही केला. पण त्याच समितीने उपकरणांची मानके ठरवून तपासणी केली तर धोका आटोक्यात राहतो, असेही सांगितले. फरक इथेच आहे. जो धोका मोजता येतो त्याची मर्यादा लिहून काढता येते आणि ती पाळणाऱ्याला आत घेता येते. बेल कंपनीने कित्येक वर्षे मर्यादा लिहून दिली नाही. ‘यंत्रणा अखंड राहिली पाहिजे’ एवढेच ती म्हणत राहिली. प्लास्टिकची वाटी आणि सदोष उपकरण यांना एकाच मापाने मोजले, की खऱ्या धोक्याबद्दलही लोकांचा विश्वास उडतो. शास्त्रज्ञाचे नाव घेऊन धंद्याचे हित राखायचे, ही सवय माझ्या मते त्या कंपनीला कोणत्याही खटल्यापेक्षा महाग पडली.

आता भांडायचे

१९६९ साली एमसीआय नावाच्या लहान कंपनीला शिकागो आणि सेंट लुई यांच्यामध्ये सूक्ष्मलहरींच्या मनोऱ्यांवरून लांबची सेवा देण्याची परवानगी मिळाली. डेन्व्हरच्या तारेची गोष्ट इथे पुन्हा आठवावी. लांब पल्ल्याला आता हजारो खांब आणि तांबे लागत नव्हते. टेकड्यांवर मनोरे पुरत होते. ज्या भौतिक अडचणीवर बेलचे केंद्रस्थान उभे होते ती अडचणच विरघळली होती. तरीही एमसीआयला शहरात गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत जायला बेलच्याच स्थानिक तारा लागत. म्हणजे १९१३ सालचीच मागणी उलट टोकाकडून आली: आम्हाला जोडून द्या.

या वेळी किंग्जबरीसारखे पत्र निघाले नाही. अध्यक्ष जॉन डिबट्स यांनी सप्टेंबर १९७३ मध्ये सिॲटलला राज्यांच्या नियामकांपुढे भाषण करून स्पर्धेलाच विरोध जाहीर केला. नोव्हेंबर १९७४ मध्ये सरकारने तुकडे करण्यासाठी खटला भरला. १९७६ साली कंपनीने काँग्रेसमध्ये स्पर्धा जवळजवळ बंद करणारे विधेयक आणवले. लोक त्याला सरळ ‘बेल विधेयक’ म्हणत. त्याला सदस्यांचा पाठिंबा भरघोस मिळाला. प्रत्येक मतदारसंघात बेलचे नोकर होते, कंपनीत एकूण दहा लाखांच्या घरात माणसे होती. पण विधेयक मंजूर झाले नाही. उलट आजवर ज्यांना टेलिफोनच्या नियमांशी कर्तव्य नव्हते असे पुष्कळ लोक या कंपनीचे बळ पाहून सावध झाले. पुढाऱ्यांना आपल्या बाजूला वळवण्याची ताकद दाखवणे म्हणजे फिर्यादीच्या हातात पुरावा देण्यासारखे होते.

१९८१ साली न्यायमूर्ती हॅरल्ड ग्रीन यांच्यापुढे सुनावणी सुरू झाली. खटला काढून टाकावा अशी विनंती कंपनीने केली, तेव्हा सप्टेंबरमध्ये ग्रीन यांनी ती फेटाळली आणि कंपनीने दीर्घकाळ अनेक प्रकारे कायदा मोडल्याचे पुराव्यावरून दिसते, असे म्हटले. नवे अध्यक्ष चार्ल्स ब्राउन यांनी वाऱ्याची दिशा ओळखली. ८ जानेवारी १९८२ रोजी तडजोड जाहीर झाली आणि १ जानेवारी १९८४ पासून २२ स्थानिक कंपन्या सात गटांत वेगळ्या झाल्या. लांब पल्ल्याची सेवा, कारखाना आणि प्रयोगशाळा ब्राउन यांनी राखली. संगणकांच्या धंद्यावरची १९५६ ची बंदीही उठली. भविष्य आपल्याकडे ठेवून जुनाट तारा सोडल्या, असा त्यांचा हिशेब. तो चुकला. लांब पल्ल्याचे दर कोसळत गेले, संगणकांत कंपनीला यश आले नाही, आणि २००५ साली त्या सोडलेल्या सातांपैकी एका कंपनीनेच मूळ कंपनी विकत घेऊन तिचे नाव लावले. बेल प्रयोगशाळा मालक बदलत बदलत २०१६ साली फिनलंडच्या नोकियाकडे गेली.

युनिक्सचा वर्ग

आता हुकूमनाम्यातल्या त्या बंदीकडे पुन्हा वळू. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. १९७४ साली त्यांचा निबंध छापून येताच विद्यापीठांतून मागणी येऊ लागली. कंपनीला संगणकाचा धंदा करायची मनाई. मग तिने विद्यापीठांना युनिक्स मूळ आज्ञावलीसकट नाममात्र किमतीत दिली. जाहिरात नाही, दुरुस्तीची हमी नाही. हमी नसल्याने विद्यापीठांतली माणसे एकमेकांना विचारत, दोष शोधत, सुधारणा वाटत. १९७७ साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन लायन्स या प्राध्यापकाने सगळी आज्ञावली ओळीओळीने समजावून देणारे भाष्य लिहिले. त्याच्या छायाप्रतींच्या छायाप्रती जगभर फिरल्या.

शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट यानंतरची आहे. १९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती आली तिच्या परवान्यात कंपनीने अट घातली, की मूळ आज्ञावली वर्गात शिकवायला वापरायची नाही. ॲम्स्टरडॅमच्या अँड्र्यू टॅननबॉम यांना मग शिकवण्यासाठी दुसरे काही हवे होते. त्यांनी मिनिक्स नावाची छोटी प्रणाली स्वतः लिहून १९८७ साली प्रसिद्ध केली. तीवर शिकलेल्या लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला. १९८४ नंतर बंदी उठलेल्या बेल कंपनीने युनिक्स महागड्या परवान्यांवर विकायला काढली, आणि १९९२ साली तिच्या एका उपकंपनीने बर्कलीच्या आवृत्तीवरून खटलाही घातला. तोवर लिनक्स बाहेर पडली होती. आज अँड्रॉइड फोनच्या तळाशी तोच गाभा आहे.

अँड्रॉइड गूगलचे, म्हणून सुरुवातीच्या खटल्यापाशी परत यायला हरकत नाही. २ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायमूर्ती अमित मेहता यांनी उपाय सांगितला. गूगलने क्रोम विकण्याची गरज नाही. मात्र आपल्या शोधसूचीची आणि वापरणाऱ्यांच्या शोधांविषयीची काही माहिती पात्र प्रतिस्पर्ध्यांना द्यावी. म्हणजे पुन्हा तीच मागणी: आम्हाला जोडून द्या. अशी माहिती बाहेर दिली तर लोकांच्या खाजगीपणाला धक्का पोचेल, असे गूगलचे म्हणणे. हा धोका खरा असू शकतो, आणि त्याची मर्यादा लिहून काढणेही शक्य आहे. कोणती माहिती, कोणत्या स्वरूपात, काय वगळून द्यायची, हे पाहण्यासाठी न्यायालयाने तज्ज्ञांची समिती ठेवायला सांगितले आहे. किंग्जबरीने हा प्रश्न पन्नास मैल एवढा आकडा लिहून मिटवला होता.